नंबर पुसला जाणार नाही

नंदा चिंदरकर आमच्या माजिवड्याच्या साइटवर रुजू झाल्या तेव्हा त्यांचं टेबल कुठे लावायचं, हे ठरवणारा मीच होतो. मी तिथला क्वालिटीचा मुख्य इंजिनीअर. पत्र्याच्या ऑफिसात अगदी मागे, पाण्याच्या कूलरशेजारी जागा होती, ती मी त्यांना दिली. कागद सांभाळायला आलेल्या बाईला याहून जास्त काय लागणार, असा माझा हिशेब. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझा भाग चांगला नाही.

२०२१ चा ऑक्टोबर होता. हायवेला लागून बावीस-बावीस मजल्यांचे चार टॉवर उभे राहत होते. नंदाताई बेचाळीस वर्षांच्या. अंगाने बारीक, चष्मा जाड, आवाज मात्र असा की चालू ड्रिलच्या वर ऐकू यावा. राहायला कोपरला, आई विमलाबाईंसोबत. वडील गुणाजी मालवणकडचे, डोंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं की नंदाताई म्हणायच्या, "नाही केलं." वाक्य तिथेच संपायचं.

साइटवर येण्याआधी त्या अकरा वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. पुस्तकांना विषयवार आकडे देणं, कपाटं लावणं, हे त्यांचं काम. मग कॉलेजला संगणकाची खोली हवी झाली आणि जुनी पुस्तकं रद्दीत घालायचं ठरलं. नंदाताईंनी किल्ल्या द्यायला नकार दिला. नऊ दिवस दिल्या नाहीत. दहाव्या दिवशी संस्थेच्या माणसांनी कुलूप तोडलं.

ही गोष्ट त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितली. म्हणाल्या, "कुलूप त्यांनी तोडलं, मी उघडलं नाही. पण हरले मीच. का माहितीय? यादी एकट्या माझ्याकडे होती. कोणती पुस्तकं गेली, हे विचारणारा दुसरा कुणी नव्हताच."

आमच्याकडे तर यादीच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या अकलेने कागद ठेवलेले. मी तपासणीचे अहवाल पुरवठादाराच्या नावाने लावायचो, वीजवाले महिन्याने, प्लॅनिंगवाला त्याच्या लहरीने. संगणकावर नकाशांची नावं काय, तर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी सांगितलेलं', 'हेच वापरा'. दुसऱ्या टॉवरच्या जिन्याचा एकच नकाशा सात ठिकाणी सापडला होता आणि त्या सातांत चार वेगवेगळे जिने होते.

नंदाताईंनी पहिले पंधरा दिवस काहीच केलं नाही. नुसती कपाटं उघडून वाचत बसल्या. आम्ही हसायचो. त्यानंतर त्यांनी एक पद्धत मांडली. प्रत्येक कागदाला एक नंबर. नंबरात आधी टॉवर, मग काम कशाचं ते, म्हणजे ढाचा, प्लंबिंग की वीज. मग कागद कसला, म्हणजे नकाशा, पत्र की अहवाल. मग क्रमांक. शेवटी आवृत्तीचं अक्षर, ए, बी, सी. नंबर वाचला की कागद न उघडता कळावं, हा कशाचा आणि कितवा.

"हे तुम्ही शोधून काढलंत?" मी विचारलं.

"नाही हो. बाहेरच्या देशांत याची ठरलेली कोष्टकं आहेत. भिंतीला एक आकडा, पंपाला एक, जिन्याला एक. साइट कुठलीही असो, आकडा तोच. मी छापून घेतली आणि घरी बसून पाठ केली. पण त्यांच्यात मला देवघर काही सापडलं नाही. ते मी घातलं."

भिंतीवर त्यांनी तीन नियम लावले. नंबर नसलेला कागद साइटवर जाणार नाही. नवी आवृत्ती हवी असेल तर जुनी आधी परत करा. आणि एकदा दिलेला नंबर पुसला जाणार नाही. कागद रद्द झाला तर 'रद्द' असा शेरा घेऊन तो तिथेच राहील. शिवाय रोज संध्याकाळी त्या दिवशी आलेल्या-गेलेल्या सगळ्या नंबरांची पोच पाच ठिकाणी जायची: आमच्या मुख्य ऑफिसला, मालकाच्या प्रतिनिधीला, ढाच्याच्या सल्लागाराला, ठेकेदाराला आणि स्टोअरला. कॉलेजात जे झालं त्यावरून त्या एवढं शिकल्या होत्या.

प्रोजेक्टचे प्रमुख सुशांत सामंत. वय अडतीस, हुशार, घाईत असलेला माणूस. त्यांनी नंदाताईंना 'ग्रंथपालबाई' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले.

"ताई, बिल्डिंग काँक्रीटने उभी राहते, नंबरने नाही," ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले.

"काँक्रीट कुठल्या नकाशाने ओतता, सर?" नंदाताईंनी विचारलं.

पहिला खटका उडाला तो माझ्याशीच. पायऱ्यांचा एक नकाशा घाईत हवा होता. नंबर पडायचा होता आणि काँक्रीटच्या तीन गाड्या गेटबाहेर गुरगुरत उभ्या होत्या. मी म्हटलं, "द्या हो, नंबर मागाहून टाका." त्यांनी कागदावर हात ठेवला. म्हणाल्या, "मागाहून म्हणजे कधीच नाही. वीस मिनिटं थांबा." मी आवाज चढवला. हात निघाला नाही. वीस मिनिटं मी कूलरपाशी उभा राहिलो, आणि गाड्यांचे ड्रायव्हर खिडकीतून माझी मजा बघत राहिले.

त्यांची पद्धत सगळ्यात आधी पटली ती सळई बांधणाऱ्यांना. त्यांचा फोरमन महिपत, डोंबिवलीजवळच्या जुन्या गावचा. दोन साहेब दोन वेगळे कागद देणार आणि चुकलं की शिव्या त्याने खाणार, हे तो वर्षानुवर्षं सोसत आला होता. तो आता प्रत्येक नकाशावरचा शिक्का बोट ठेवून वाचायचा. "ताय, आता माना ठावं परतं कनचा कागुद खरा," असं तो नंदाताईंना म्हणाला तेव्हा मी तिथेच होतो. साहेब लोकांपैकी तसं कुणी म्हणालं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

९ ऑगस्ट २०२२ ला सल्लागाराकडून तिसऱ्या टॉवरच्या सातव्या मजल्यापासून वरच्या बाल्कन्यांचा सुधारलेला नकाशा आला. क्रमांक चारशे बारा, आवृत्ती डी. बाल्कनी ही इमारतीबाहेर लोंबणारी गोष्ट, आणि तिला धरून ठेवतात त्या वरच्या थरातल्या सळ्या. सी आवृत्तीत त्या दोनशे मिलिमीटरवर होत्या. सल्लागाराला स्वतःची चूक सापडली होती, म्हणून डी मध्ये त्याने त्या सव्वाशेवर आणल्या. नंदाताईंनी शिक्का मारला आणि तीन प्रती माझ्या हातात दिल्या. प्रती मिळाल्याच्या पोचेवर सही मी केली. महिपतकडची सी काढून घेऊन त्याला डी देणं, एवढंच काम.

त्या आठवड्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं. मी डी च्या प्रती ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

चार दिवसांनी नंदाताईंचं स्मरणपत्र आलं, त्यालाही नंबर. आठवड्याने दुसरं. तिसरं घेऊन त्या स्वतःच आल्या.

"सर, सी परत आलेली नाही."

"पाठवतो ना."

"कधी?"

"तुम्ही मला जाब विचारणार?"

"हो. ते माझं कामच आहे."

मला राग आला. बत्तीस वर्षांचा अनुभव, आणि ही बाई मला कधी म्हणून विचारते. खरं सांगायचं तर केवळ त्या रागापायी मी ड्रॉवर आणखी दोन दिवस उघडला नाही. त्यानंतर विसरलो. पुढच्या दोन महिन्यांत सातव्यापासून अकराव्यापर्यंत पाच मजले ओतले गेले. मजल्याला आठ, अशा चाळीस बाल्कन्या. सगळ्या सी प्रमाणे. महिपतच्या हातात शिक्क्याची सी होती. त्याने ती बरोबर पाळली.

ऑक्टोबरात सल्लागाराकडच्या इंजिनीअर योगिनी बारावा मजला तपासायला आल्या. टेप लावला. पुन्हा लावला. मग मला विचारलं, "सर, डी कुठे आहे?"

मी ड्रॉवर उघडला.

दुपारी सामंतांनी मला आणि नंदाताईंना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

"डी ची एंट्री ऑगस्टची दाखवतेय. ती काढा आणि ऑक्टोबरची टाका. ती तीन रिमाइंडरही काढा. सल्लागाराने नकाशा उशिरा पाठवला, विषय संपला."

"नाही," नंदाताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काढणार नाही."

"अहो, चूक झालीय ना? बाल्कन्यांचं जे करायचं ते आपण करूच. फक्त कुणामुळे झालं एवढाच प्रश्न आहे. या प्रभाकर सरांची नोकरी जाईल, समजतंय का तुम्हाला?"

नंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमचं काय म्हणणं?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. म्हणालो, "बघा ना, काही ॲडजस्ट होत असेल तर."

आयुष्यात मी बरीच वाईट वाक्यं बोललो असेन. हे एक माझ्या कानातून जात नाही.

नंदाताई सामंतांकडे वळल्या. "काढता येत नाही असं नाही, सर. एक बटण दाबलं की जाईल. पण मी दाबणार नाही. आणि दुसऱ्या कुणी दाबलं तरी जाणार नाही. नऊ ऑगस्टची पोच पाच ठिकाणी गेलीय. पाचही जणांकडे तोच नंबर आहे. माझ्याकडचा पुसलात तर माझ्या रजिस्टरला भोक पडेल, कागदाला काही होणार नाही."

"तुम्ही इथे कंत्राटावर आहात, ताई."

"मला माहितीय. कंत्राट मीच जपून ठेवलंय. त्यालाही नंबर आहे."

संध्याकाळच्या आत त्यांचा पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, नाव लिहायचं. सगळ्यांना वाटलं, चार दिवसांत बाई राजीनामा देतील. नंदाताईंनी गेटवर बसून पहिलं काम काय केलं, तर एक पत्र लिहिलं. 'मला आजपासून रजिस्टरच्या कामातून दूर करण्यात आले आहे. यापुढे त्यात होणाऱ्या बदलांना मी जबाबदार नाही.' त्याला पत्रांच्या क्रमातला पुढचा नंबर दिला आणि त्याच पाच ठिकाणी पाठवून दिलं.

सामंत तरातरा गेटवर गेले. "तुम्हाला पत्र पाठवायचा अधिकार कुणी दिला?"

नंदाताई एका पाहुण्याच्या हेल्मेटचा पट्टा नीट करून देत होत्या. त्या म्हणाल्या, "अधिकार कशाला लागतो, सर? पोच लागते. चार ठिकाणांहून आलीय. तुमच्या मुख्य ऑफिसची तेवढी बाकी आहे."

ते परतले. त्यांनी प्लॅनिंगमधल्या एकाला बसवून त्या चार नोंदी काढून टाकल्या. रजिस्टरमध्ये चार रिकाम्या ओळी राहिल्या. मी त्या पाहिल्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही, दोन्ही खरं आहे. नंदाताई रोज गेटवर दिसायच्या. मी हेल्मेट घ्यायला पुढे झालो की "सुप्रभात, सर" म्हणायच्या, मोकळ्या आवाजात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी सगळे जमले. मुख्य ऑफिसचे दोघं, मालकाचे प्रतिनिधी, ठेकेदार, योगिनी आणि त्यांचे साहेब. सामंतांनी पडद्यावर रजिस्टर दाखवलं. "चारशे बारा डी आमच्या सिस्टीममध्ये ऑक्टोबरपर्यंत नाहीच आहे."

योगिनींनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. नऊ ऑगस्टची पोच. "आमच्याकडे आहे."

"तुम्ही तुमच्याकडे काहीही तयार कराल," सामंत म्हणाले.

मालकाचे प्रतिनिधी शांत गृहस्थ होते. त्यांनी मोबाइलवर शोधलं. "माझ्याकडेही आहे. नऊ ऑगस्ट." मग ठेकेदाराने त्याची फाइल उघडली. मग स्टोअरमधून एक प्रत आली, कडेला चहाचा डाग पडलेली. नंबर तोच, तारीख तीच. महिपतला बोलावलं, त्याने घडी पडलेली सी उलगडून दाखवली. "माझ्याकं ह्यो व्हता. दुसरा आलाच नाय."

शेवटी गेटवरून नंदाताईंना बोलावलं. त्या हेल्मेटसकट आत आल्या. मुख्य ऑफिसच्या माणसाने विचारलं, "डी तुम्ही कुणाला दिलात?"

"प्रती मिळाल्याच्या पोचेवर सही आहे. ज्याची सही आहे त्याने सांगावं. मी त्याच्या वतीने बोलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी उठलो. "सही माझी आहे. तिन्ही स्मरणपत्रंही मलाच आलेली. नकाशा माझ्या ड्रॉवरमध्ये होता." याला कुणी धैर्य म्हणू नये. पाच जणांच्या हातात तो नंबर असताना खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. नंदाताईंनी ती ठेवलीच नव्हती.

बाल्कन्यांना खालून टेकू लावले गेले, मग एकेक फोडून पुन्हा ओतल्या. फेब्रुवारी उजाडला. माझी बढती गेली आणि वर्षभर मला दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागलं. सामंतांची बदली दुसऱ्या प्रोजेक्टवर झाली. बदलीच ती, शिक्षा नव्हे. तिथे ते आणखी वर चढले, असं ऐकतो.

नंदाताईंना रजिस्टर परत मिळालं. त्यांनी आधी त्या चार नोंदी जागच्या जागी घातल्या आणि प्रत्येकीपुढे शेरा लिहिला, अमुक तारखेला काढल्या गेल्या, अमुक तारखेला परत घेतल्या. मुख्य ऑफिसमधून फोन आला की ताई, झालं ते झालं, तो शेरा नको. त्यांनी फोनवरच सांगितलं, "झालं ते झालं, म्हणूनच लिहिलंय." शेरा राहिला.

मार्चमध्ये त्यांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण कुणी दिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी तीन तास बसून नव्या माणसाकडून एकेक कपाट मोजून घेतलं आणि ताब्यात दिल्याची सही घेतली. महिपतने घरच्या वालाच्या शेंगा आणल्या होत्या. मी निरोपाचं काही बोलायला पुढे झालो, तर त्या म्हणाल्या, "सर, तुमचे दोन अहवाल अजून नंबराविना आहेत." तेवढंच.

आता त्या कल्याणच्या एका हॉस्पिटलच्या बांधकामावर आहेत. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी "आमची सिस्टीम एकदम सेट आहे" म्हटल्यावर त्यांनी शेवटचा रद्द केलेला नकाशा दाखवा असं सांगितलं. साहेबांना सापडला नाही. नोकरी मिळाली. रविवारी कोपरच्या घरी साइटवर काम करणाऱ्या पाचसहा मुली त्यांच्याकडे शिकायला येतात. त्यांतली अक्षदा नावाची एक मुलगी मला म्हणाली, "ताई कडक आहेत, पण त्यांच्यामुळे मी साहेबाला पहिल्यांदा नाही म्हटलं."

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलेलो. मला नवी साइट मिळाली आहे, प्रमुख म्हणून. तिथले कागद लावून द्यायला नंदाताई महिन्यातून दोन शनिवारी येतील का, हे विचारायचं होतं. विमलाबाईंनी चहा आणि भाजलेले काजू ठेवले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "माझ्यावरचा राग गेला का?"

"नाही," नंदाताई म्हणाल्या. "सामंतांवर कधी नव्हताच, ते तसेच होते. तुमच्यावर आहे. चहा घ्या."

मी चहा घेतला.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण अट लिहून हवी. रजिस्टरला हात लावायचा अधिकार साइटवर कुणालाही नाही."

"मलाही नाही?"

"तुम्हाला तर नाहीच."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी तिथेच बसून, त्या सांगतील तसं, अक्षरन् अक्षर लिहून दिलं. एका ठिकाणी मी 'शक्यतो' असा शब्द घातला होता. त्यांनी तो मला खोडायला लावला.